कर्मणी प्रयोग आणि इंग्रजीतील ‘पॅसिव्ह व्हॉइस’

इंग्रजीच्या वह्या तपासताना एक चूक आम्हांस दरवर्षी भेटते. “जनाबाईने दळण दळले” हे वाक्य भाषांतरास दिले की अनेक वह्यांत “द ग्रेन वॉज ग्राउंड बाय जनाबाई” असे उतरते. कारण विचारावे तर उत्तर तयार असते, “गुरुजी, प्रयोग कर्मणी आहे ना!” मराठीच्या तासाला हे उत्तर पूर्ण गुण मिळवील, इंग्रजीच्या तासाला मात्र ते घात करते.

मराठीत प्रयोग ठरतो तो क्रियापद कोणाच्या लिंगवचनाप्रमाणे चालते यावरून. जनाबाईने दळण दळले, ओवी गायिली, अभंग रचिले. करणारी एकच, पण क्रियापद कर्माच्या मागे फिरते. तथापि सांगणे आहे ते जनाबाईविषयीच. इंग्रजी क्रियापदास लिंग नाही. तेथे पाहावयाचे ते हे की, कर्त्याच्या आसनावर करणारा बसला आहे की सोसणारा. म्हणून आपल्या गंगाखेडच्या या संत स्त्रीचे वाक्य “जनाबाई ग्राउंड द ग्रेन” असे सरळच होईल. उर्दूतही ‘ने’ येतो व क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. तेव्हा १९४८ पूर्वी निजामी अमलात उर्दूतून शिकलेल्या परभणीकरांसही हा खड्डा चुकला नसावा.

खरा ‘पॅसिव्ह’ मराठीत ‘जाणे’ या क्रियापदाने साधतो: “रावण रामाकडून मारला गेला.” यास नवीन कर्मणी म्हणतात. पण घरी असे कोण बोलतो? करणारा सांगावयाचा नसेल तर आपण त्यास खुशाल गाळतो. मानवतच्या बाजारात “येथे कापूस विकत घेतात” असे म्हटले, तर कोण घेतात याची चौकशी कोणी करीत नाही. इंग्रजी वाक्यास कर्त्याचे आसन रिकामे ठेवता येत नाही; म्हणून तेथे कापूसच येऊन बसतो: “कॉटन इज बॉट हिअर.” स्पॅनिश मनुष्य याच ठिकाणी ‘से’ हा चिमुकला शब्द घालून “से कोंप्रा अल्गोदोन” म्हणतो, आणि इंग्रजी शिकताना आपल्यासारखाच अडखळतो.

“मला चालवत नाही” अशा भावे वाक्याचा तर ‘पॅसिव्ह’ होतच नाही, कारण इंग्रजीत तो होण्यास कर्म लागते. तेथे “आय कॅनॉट वॉक” एवढेच लिहून विद्यार्थ्याने पुढील प्रश्नाकडे वळावे.