वरचा रंग खरवडताना

एका रंगावर दुसऱ्या रंगाचा थर द्यायचा आणि वरचा थर खरवडून खालचा उघडा करायचा, या पद्धतीला इटालियन कलेत स्ग्राफितो म्हणतात. गोवा आणि दक्षिण कोकणातल्या देवळांवरची कावी कला याच जातीची. तिथे पांढऱ्या चुन्यावर तांबड्या कावेचा थर चढवतात आणि तो पुरता वाळण्याआधी कोरतात. नाशिक जिल्ह्यात पेठ-सुरगाण्याकडच्या घरांत सारवणावर उमटलेले बोटांचे अर्धगोल मुले रांगत्या वयापासून पाहतात.

तीन वर्षांच्या मुलाने या खरवडण्याच्या खेळाची सुरुवात बोटांनीच करावी. थाळीत पिवळा कागद ठेवून त्यावर बिटाच्या रसाने रंगवलेली मैद्याची गार खळ पसरावी. चुकून तोंडात गेली तरी त्रास नाही. मूल तळवा फिरवते, बोट ओढते आणि गुलाबीतून पिवळी रेघ निघते. खळीचा गारवा, बुळबुळीतपणा, कागदावर नखाचा आवाज हे सारे त्याला एकाच वेळी कळते. रेघ पुसून पुन्हा काढता येते, हा या खेळातला मोठा आनंद. नाशिकला हंगामात द्राक्षांची खोकी मुबलक असतात. त्यांच्या पुठ्ठ्याला दाते कापले की फणी तयार. तिच्याने एका ओढीत चार-पाच रेघा उमटतात.

चार-पाच वर्षांच्या मुलांना मेणाचे खडू द्यावेत. जाड कागद दाबून, रंग बदलत, पांढरा ठिपका उरणार नाही इतका रंगवायचा. हातांना खरा व्यायाम इथेच होतो. मेणावर पाण्यातला रंग थेंब होऊन घरंगळतो, म्हणून काळ्या पोस्टर रंगात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब घालतात. मग तो सारखा पसरतो. वाळल्यावर कुल्फीच्या काडीने खरवडायचे. काडी चिमटीत धरण्याची ही सवय पुढे पेन्सिल धरताना उपयोगी पडते.

परिसरातल्या साध्या वस्तूंवर बालशिक्षण उभे करण्याची वाट ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला घालून दिली. म्हणूनच दुकानातला खरवडायचा तयार काळा कागद मुलाच्या हाती देणे पटत नाही. खाली कोणता रंग दडला आहे, हे त्या कागदात मुलाने ठरवलेले नसते. 'हे काय काढलंस?' हा प्रश्नही टाळावा. या वयात खरवडणे हेच काम असते.

पावसाळ्यात काळा थर वाळायला दुसरा दिवस उजाडतो. ओलसर असताना खरवडला, तर कागद फाटतो.