मुरूडच्या वाटेने एल्सिनोरला

मुरूड म्हटलं की जंजिरा आठवतो ना? तो रायगडातला. आपलं मुरूड रत्नागिरी जिल्ह्यातलं, दापोली तालुक्यात, हर्णैच्या शेजारी. शिकणं-शिकवणं हाच ध्यास घेतलेली इतकी माणसं एका गावाच्या आसपास निपजावीत, याचं मला फार कौतुक वाटतं.

सुरुवात पायपिटीने. साल 1875. धोंडू कर्वे हा सतरा वर्षांचा मुलगा सहावीच्या परीक्षेसाठी मित्रांबरोबर साताऱ्याला निघाला. सुमारे 110 मैल, चार दिवस, सह्याद्रीचा घाट चढून. पोचल्यावर त्याची बारीक चण पाहिली गेली, आणि वय कमी दिसतं म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही!

हेच पुढचे महर्षी अण्णासाहेब. 1916 मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ काढलं, ते अवघ्या पाच विद्यार्थिनींवर. कल्पना सुचली जपानच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून. पण मला सर्वांत धाडसाचं वाटतं ते हे, की उच्च शिक्षण मातृभाषेतून! याच विद्यापीठाच्या जुहूच्या संकुलात आज मानव विकास विभाग आहे. बाळ कसं वाढतं, कसं खेळतं, आईबाप त्याला कसं घडवतात, याचा तिथे अभ्यास होतो.

1929 मध्ये अण्णा डेन्मार्कच्या एल्सिनोरला पोचले, हॅम्लेटच्या किल्ल्याच्या गावी. वय 71. जगभरचे शिक्षणतज्ज्ञ जमलेल्या परिषदेत ते सहभागी झाले. त्याच ऑगस्टमध्ये तिथेच बालशिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसोरींची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली.

आता घरचीच मंडळी पाहा. सून इरावतीबाईंनी बर्लिनमध्ये डॉक्टरेटसाठी माणसाच्या कवटीची डावी-उजवी बाजू मोजली आणि त्यातल्या फरकाचा वंशाशी संबंध नाही असं दाखवलं. पुढे काही वर्षं त्या सासऱ्यांच्या विद्यापीठाच्या कुलसचिव होत्या. मुलगा रघुनाथ यांनी 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून लैंगिक शिक्षण मराठीत आणलं. ज्या प्रश्नांवर आईबाप आजही अडखळतात, त्यांवर ते तेव्हा उघड लिहीत होते. आणि नात्यातले रघुनाथ परांजपे? 1899 मध्ये केंब्रिजचे पहिले भारतीय सीनियर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत अव्वल आलेले.

अण्णांनी गावासाठी ‘मुरूड फंड’ही उभारला. मिळवत्या माणसांनी कमाईतला छोटा वाटा गावाला द्यायचा. त्यातून मुरूडला इंग्रजी शाळा उभी राहिली. अण्णांना स्वतःला इंग्रजीसाठी रत्नागिरी आणि मुंबई गाठावी लागली होती.