कोतवालाचा चेहरा

20 जुलै 2023, गुरुवार. सकाळचे साडेदहा वाजत आले होते. पुण्यात खराडीतल्या आमच्या घरी टीव्हीवर इर्शाळवाडीच्या बातम्या चालू होत्या. आदल्या रात्री खालापूर तालुक्यातल्या त्या वाडीवर दरड कोसळलेली. तेवढ्यात ओट्यावर ठेवलेला माझा फोन असा काही किंचाळला, की पोळ्या करायला येणाऱ्या ताईंच्या हातून लाटणं निसटलं. पाठोपाठ आतल्या खोलीतून ह्यांचा फोन, मग शेजारच्यांचा, मग खाली वॉचमनचा. प्रत्येकाचा दोन-चार सेकंदांनी मागेपुढे. ताई म्हणाल्या, "काकू, आता इथं काय कोसळतंय?" समोर टीव्हीवर जे दिसत होतं, ते पाहून कुणीही हेच विचारलं असतं.

तो दूरसंचार विभागाचा चाचणी संदेश होता. पण दुपारपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर जो तो सांगायला लागला, की ओके दाबू नका, खातं रिकामं होईल. मी एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली, त्यामुळे असं काही झालं की सगळे माझ्याकडेच येतात. त्या दिवशीही आले.

एसएमएस म्हणजे पोस्टमन. तुमचा पत्ता घेऊन तुमच्याच दारात येतो. लाख घरं असली तर लाख खेपा, म्हणून गर्दीत तो अडकतो. हा अलर्ट म्हणजे दवंडी. खराडी गाव होतं तेव्हा कोतवाल चावडीसमोर उभा राहून ओरडायचा, ऐकू येईल त्यानं ऐकावं. तसा टॉवर ओरडतो. कुणाचा नंबर काय, कुणी ऐकलं, किती जणांनी ऐकलं, यातलं त्याला काही कळत नाही. याला सेल ब्रॉडकास्ट म्हणतात. आपल्याकडची यंत्रणा राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणासाठी सी-डॉट या सरकारी संस्थेनं उभी केली. ओके दाबलं की खिडकी बंद होते, बस्स. पैसे जायचा संबंध नाही.

म्हणजे ग्रुपवर सगळे घाबरले होते ते चुकीच्या जागी. यात खरं भोक आहे, ते दुसरीकडे.

गावाला कोतवालाचा चेहरा माहीत असायचा. फोनला तो माहीत नसतो. फोन नेटवर्कला जोडला जातो तेव्हा 4जीमध्ये दोघे एकमेकांची खात्री करून घेतात. पण टॉवर ज्या घोषणा सतत हवेत सोडत असतो, त्या या खात्रीच्या आधीच्या. त्यांच्यावर ना कुलूप, ना सही. जवळपास जो टॉवर जोरात बोलेल त्याचं फोन ऐकतो, आणि त्यानं आपत्तीची दवंडी दिली की गुमान किंचाळतो. 2019 मध्ये अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठातल्या संशोधकांनी हे मांडलं. त्यांचा हिशोब असा, की एकेक वॉटची चार खोटी स्टेशनं ठेवली तर 50 हजार प्रेक्षकांच्या स्टेडियममधल्या सुमारे 90 टक्के फोनवर खोटा अलर्ट पोचवता येईल. एक वॉट! आमच्या देवघरात पूर्वी झिरोचा बल्ब होता, तो याहून जास्त खायचा. संध्याकाळी सहाला इथल्या ईऑन आयटी पार्कच्या फाटकातून जी गर्दी बाहेर पडते, तिच्यातल्या प्रत्येकाच्या खिशात एकदम 'पळा' वाजलं तर काय होईल, हा विचार मी सुनेजवळ बोलून दाखवला. ती तिथंच काम करते. ती म्हणाली, "आई, रात्रीच्या जेवणाला हा विषय नको."

आम्ही ट्रंक एक्स्चेंजला होतो तेव्हा "कलेक्टर ऑफिसातून बोलतोय, लाइन ताबडतोब द्या" असे फोन यायचे. काही खरे, काही कुणाच्या तरी मेव्हण्याचे. आम्ही हो म्हणायचो, फोन ठेवायचो आणि रजिस्टरमधल्या नंबरवर उलटा फोन लावायचो. चाळीस सेकंदांचं काम. फोनला ते जमत नाही, कारण दवंडीला उलट विचारायची सोयच नाही.

मग प्रत्येक अलर्टवर सरकारी डिजिटल सही का नाही घालत? मानकं ठरवणाऱ्यांपुढे हा विषय बरीच वर्षं आहे. सही ओळखायला प्रत्येक फोनमध्ये खूण आधीच असायला हवी. परदेशातून आलेल्या पाहुण्याच्या फोनमध्ये ती कुणी घालायची? जुन्या फोनचं काय? आणि खूण जुळली नाही म्हणून खऱ्या पुराचा अलर्ट गिळला गेला तर? खोट्या हाकेपेक्षा न आलेली हाक वाईट, या भीतीपोटी दार उघडं राहिलंय. मला ही भीती पटते. उघडं दार पटत नाही. मोटारीत खोटा टॉवर ठेवून बनावट एसएमएस सोडत फिरणाऱ्याला 2025 मध्ये लंडनच्या कोर्टानं तुरुंगात धाडलं. म्हणजे एसएमएसपुरता तरी खोटा टॉवर कागदावरून रस्त्यावर आलाच आहे.

आणि सगळं चोख असलं तरी माणूस आहेच. 13 जानेवारी 2018 ला हवाई बेटांवर सकाळी क्षेपणास्त्र येत असल्याचा अलर्ट गेला. पाठवणारी यंत्रणा खरी, क्षेपणास्त्र नव्हतंच. चूक झाल्याचा संदेश फोनवर यायला 38 मिनिटं लागली.

म्हणून विचारायला येणाऱ्यांना मी एवढंच सांगते, की फोन वाजला तर दुसऱ्या कंपनीचं सिम असलेल्याला विचारा, टीव्ही लावा, सरकारचं 'सचेत' ॲप बघा. ही काही पक्की परीक्षा नाही. चाचणीच्या दिवशीही काहींचे फोन गप्पच होते. अलर्ट बंद मात्र करू नका. आमच्या ह्यांनी केला होता, मी परत चालू केला.

25 जुलै 2024 च्या पहाटे खडकवासला धरणातून 35 हजार क्युसेकच्या वर पाणी सोडलं. सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं, आणि वेळेवर कळवलं नाही म्हणून लोक चिडले. तेच पाणी खाली आमच्याकडे येतं. आमच्या घरी त्या सकाळी फोन वाजला नाही. वॉचमन आला. दार बडवत ओरडला, "काका, तळघरातली गाडी काढा!" हे पायजम्यावरच खाली धावले.