क्लाऊड गेमिंग : भाडे थोडे, डेटा फार

पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तारकर्लीचे पर्यटक आटतात आणि मालवणच्या बाजारात गल्ला हलका होतो. नेमक्या याच दिवसांत घरातली मुले क्लाऊड गेमिंगचे पैसे मागतात. महागडे यंत्र नको, महिन्याचे भाडे तेवढे भरा, असे त्यांचे म्हणणे. व्यापारी व कारागीर बंधूंनी होकार देण्यापूर्वी हिशेब मांडलेला बरा.

या पद्धतीत गेम कंपनीच्या संगणकावर चालतो आणि त्याचे चित्र इंटरनेटवरून आपल्या मोबाईलवर किंवा टीव्हीवर येते. त्यामुळे खर्चाची खाती दोन : भाडे आणि डेटा.

प्रथम भाडे. जिओने मे २०२५ मध्ये ३ दिवसांचा ४८, ७ दिवसांचा ९८ आणि २८ दिवसांचा २९८ रुपयांचा पॅक आणला. रोजचा दर अनुक्रमे १६, १४ आणि सुमारे साडेदहा रुपये पडतो. मायक्रोसॉफ्टची एक्सबॉक्स क्लाऊड सेवा भारतात नोव्हेंबर २०२५ मध्ये सुरू झाली. त्या वेळचे मासिक दर ४९९, ६९९ आणि १,३८९ रुपये, म्हणजे वर्षाला ५,९८८ ते १६,६६८ रुपये. सोनीचे प्लेस्टेशन ५, डिस्कविना, एप्रिल २०२४ मध्ये ४४,९९० रुपयांना आले. सर्वांत महाग भाडे पावणेतीन वर्षे भरले की तेवढीच रक्कम जाते. यंत्राचे गेम वेगळे घ्यावे लागतात हे खरे. पण यंत्र पुढे विकता येते, भाड्याचे काही उरत नाही.

आता डेटा. १० मेगाबिट वेगाने खेळल्यास तासाला साडेचार जीबी जातात. रोजच्या २ जीबीचा पॅक २७ मिनिटांत संपतो. रोज एक तास धरला तर महिन्याला १३५ जीबी लागतात. म्हणजे घरी फायबरची जोडणी नसेल तर हा सौदा तोट्याचा.

दुकानात टीव्ही लावून तासाच्या दराने गेम भाड्याने देण्याचा विचार असेल, तर थांबावे. मायक्रोसॉफ्टच्या अटींनुसार ही सेवा खासगी, बिगरव्यापारी वापरासाठीच आहे.

मुलांचा आग्रह असेलच, तर वर्षाचे पैसे एकदम भरू नयेत. ३ दिवसांचा पॅक रोजच्या दराने महाग, पण आपल्या वाडीतली लाईन संध्याकाळच्या गर्दीत टिकते की नाही, हे ४८ रुपयांत कळते. मालाचा नमुना पाहूनच मोठी खरेदी करावी, हा बाजाराचा जुना नियम इथेही लागू आहे.