छातीत धडधडते तेव्हा नाडी मोजा

"डॉक्टर, छातीत सारखं धडधडतंय," ही तक्रार घेऊन येणारा माणूस बहुधा घाबरलेला असतो. हृदय चोवीस तासांत सुमारे एक लाख ठोके देते आणि आपल्याला त्याची आठवणही होत नाही. ते ठोके जाणवू लागले की पहिला विचार येतो हार्ट अटॅकचा. वास्तविक हार्ट अटॅकचे मुख्य लक्षण छातीत दुखणे किंवा दाब येणे हे आहे. नुसत्या धडधडीचे कारण बहुतेक वेळा दुसरेच असते. पण म्हणून प्रत्येक धडधडीवर 'टेन्शन' असा शिक्का मारून मोकळे होणेही बरोबर नाही. विशेषतः स्त्रियांच्या कपाळी हा शिक्का फार लवकर येतो.

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात एक छोटे विद्युतकेंद्र असते. तेथून निघालेल्या संदेशाबरहुकूम हृदय आकुंचन पावते. स्वस्थ बसलेल्या माणसात हे ठोके मिनिटाला 60 ते 100 पडतात. जिना चढताना, तापात, रागात किंवा भीतीने ते वाढतात आणि कारण दूर झाले की हळूहळू खाली येतात. हा झाला निसर्गनियम.

दवाखान्यात धडधडीची जी कारणे वरचेवर सापडतात ती अगदी साधी आहेत. पहिले म्हणजे रक्त कमी असणे. हिमोग्लोबिन सात-आठवर आलेल्या बाईचे हृदय तेवढाच प्राणवायू पोचवण्यासाठी जास्त वेगाने पळणारच. तिला झोपेची गोळी देऊन काय उपयोग? तिला लोहाच्या गोळ्या हव्यात आणि रक्त कुठे जाते आहे, पाळीत की मूळव्याधीत, याचा शोध हवा. दुसरे कारण थायरॉईड ग्रंथीचा जोर. भूक चांगली असून वजन उतरते, हात थरथरतात, उकडते, त्याला धडधडीची जोड असली तर रक्ताची तपासणी करावी. दम्याच्या गोळ्या आणि फवारे, सर्दीची काही औषधे, थायरॉईडच्या गोळीचा जादा डोस यांनीही ठोके वाढतात. उपाशीपोटी चार-पाच कप चहा आणि जोडीला तंबाखू किंवा मिश्री असेल तर औषधाच्या चिठ्ठीआधी तेच बंद करून पाहावे. (हा सल्ला रुग्णांना इंजेक्शनपेक्षा कडू लागतो, असा अनुभव आहे.)

काहीजण म्हणतात, "मधेच एक ठोका चुकतो." खरे पाहता तो चुकत नाही. एक ठोका वेळेआधीच पडतो, मग क्षणभर विश्रांती होते आणि पुढचा ठोका जास्त रक्त घेऊन जोरात आदळतो. तो धक्का तेवढा जाणवतो, तोही रात्री डाव्या कुशीवर पडल्यावर. हृदय अन्यथा निरोगी असेल तर यात भिण्यासारखे काही नसते. एकदा तपासून घ्यावे आणि जागरण व चहा कमी करावा.

आता त्याहून वेगळा प्रकार. भाकऱ्या थापता थापता अचानक, दिव्याचे बटण दाबावे तशी धडधड सुरू होते. नाडी मिनिटाला 150 ते 200 किंवा त्याहूनही जास्त, पण ठेका एकसारखा. पाच-पन्नास मिनिटांनी तशीच अचानक थांबते. अशा रुग्णाच्या हृदयात विजेचा एक जादा मार्ग असतो आणि संदेश त्यात गोल फिरत राहतो. रिक्षा करून दवाखान्यात येईपर्यंत धडधड थांबलेली असते, कार्डिओग्राम नॉर्मल येतो आणि घरचे म्हणतात, "बघा, काही नाही, उगाच घाबरते." वर्षानुवर्षे हे चालते. निदान पक्के झाले असेल तर डॉक्टर एक युक्ती शिकवतात: अर्धवट बसून 10 मिलीच्या रिकाम्या सिरिंजमध्ये, तिचा दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोराने 15 सेकंद फुंकायचे आणि लगेच उताणे झोपून कोणाकडून तरी दोन्ही पाय 15 सेकंद वर धरायला लावायचे. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील अभ्यासात या रीतीने 100 पैकी 43 जणांचा झटका थांबला. पाय न उचलता नुसते फुंकणाऱ्यांत तो 17 जणांचाच थांबला. मात्र डॉक्टरांनी शिकवल्याखेरीज हा प्रयोग करू नये. वारंवार त्रास होणाऱ्यांचा तो जादा मार्ग मोठ्या रुग्णालयात, छाती न उघडता, मांडीच्या शिरेतून नळी घालून जाळता येतो. बहुतेकांची त्यातून कायमची सुटका होते.

सगळ्यात जास्त जपायचे ते बेतालपणाला. नाडीत ठेकाच नाही, एक ठोका लवकर, एक उशिरा, एक जोराचा, एक लागतच नाही. याला एट्रिअल फिब्रिलेशन म्हणतात. वयस्कर आणि रक्तदाबाच्या रुग्णांत हे होते. आपल्याकडे तरुणांतही होते. लहानपणी घसा दुखून सांधे सुजलेले असतात, त्या तापाने हृदयाची झडप आकसते आणि पंधरा-वीस वर्षांनी, कधी पहिल्या बाळंतपणात, दम आणि धडधड सुरू होते. वरचा कप्पा नुसता थरथरतो, त्यात रक्त साकळते, गाठ होते आणि ती मेंदूकडे गेली की अर्धांगवायू. काहींना आधी धडधडसुद्धा जाणवत नाही. यावर रक्त पातळ ठेवणारी औषधे आहेत. ॲस्पिरिन त्यांची जागा घेऊ शकत नाही. झडप फार आकसलेल्यांना आजही जुनी वॉरफेरिनची गोळीच द्यावी लागते आणि तिच्यासाठी ठरल्या वेळी रक्त तपासावे लागते. बरे वाटले म्हणून ती आपल्या मनाने बंद केलेले रुग्ण लुळ्या हातापायाने परत येतात.

म्हणून धडधड सुरू होताच मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला तीन बोटे ठेवून घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर नाडी मोजा. किती ठोके, एकसारखे की बेताल, अचानक सुरू झाले की हळूहळू, हे लिहून ठेवा. तो ठेका टेबलावर बोटाने वाजवून दाखवलात तरी डॉक्टरांना अर्धे निदान मिळते. आणि धडधड चालू असतानाच, जवळ जिथे मशीन असेल तिथे कार्डिओग्राम काढा. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांची वाट पाहू नका. रोज त्रास होत असेल तर 24 तास अंगावर बाळगायचे होल्टर यंत्र लावता येते.

धडधडीबरोबर चक्कर येऊन शुद्ध हरपली, छातीत दुखले, दम लागला किंवा घाम फुटला, तर नाडी मोजत बसू नये. 108 ला फोन करावा. घरात कोणी तरुणपणी अचानक दगावले असेल तर तेही डॉक्टरांना न विचारता सांगावे.

जाता जाता एक. धडधडीच्या वेळी काढलेली कार्डिओग्रामची पट्टी लाखमोलाची असते, पण तिचा कागद उन्हाने आणि उष्णतेने पुसट होतो. त्याच दिवशी तिची झेरॉक्स काढा, वर तारीख आणि वेळ लिहा आणि रेशनकार्डाजवळ ठेवून द्या.