फुकटच्या कार्डांची रांग

अमेरिकेत बेसबॉलचं कार्ड जन्माला आलं तेच मुळी जाहिरातीच्या पोटी. 1909 ते 1911 या काळात अमेरिकन टोबॅको कंपनी सिगारेटच्या पाकिटांत खेळाडूंची छोटी चित्रं घालत असे. त्यांतलंच होनस वॅग्नरचं एक कार्ड 2022 मध्ये साडेबहात्तर लाख डॉलरना विकलं गेलं. त्यामुळे कार्डसंग्राहकांच्या मेळाव्यात कंपनीच्या स्टॉलसमोर फुकटच्या कार्डासाठी तासन्‌तास ताटकळणाऱ्यांना वेड्यात काढण्याआधी जरा थांबलेलं बरं. फुकट द्यायची ही चाल जुनीच. बदलत गेलं ते एवढंच, की कंपनीला कुणाची मर्जी राखायची आहे.

हा बदल नीट दिसतो तो ‘द नॅशनल’मध्ये. नॅशनल स्पोर्ट्स कलेक्टर्स कन्व्हेन्शन हा मेळावा 1980 मध्ये लॉस एंजलिसला सुरू झाला. आता तो दर उन्हाळ्यात बहुधा शिकागोलगतच्या रोझमाँटला भरतो, मधूनमधून क्लीव्हलंड किंवा अटलांटिक सिटीला. योगायोग असा, की त्याच वर्षी न्यायालयाच्या एका निकालाने टॉप्स कंपनीची बेसबॉल कार्डांवरची मक्तेदारी मोडली आणि 1981 मध्ये फ्लीअर आणि डॉनरस यांची बेसबॉल कार्डं बाजारात आली. दुकानदारापुढे निवड आली, तसा त्याला फुकट दिल्या जाणाऱ्या नमुन्याच्या कार्डालाही अर्थ आला.

या नमुन्यांत सगळ्यांत गमतीदार जोडी अपर डेक या नव्या कंपनीची. खोट्या कार्डांचा सुळसुळाट झालेला, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या एका कार्डविक्रेत्याने आणि छपाईतल्या एका जाणकाराने मिळून होलोग्राम लावलेलं, चकचकीत, महागडं कार्ड काढायचं ठरवलं. ते कसं दिसेल हे व्यापाऱ्यांना दाखवण्यासाठी 1988 मध्ये दोन कार्डं वाटली गेली. एकावर एंजल्स संघाचा लोकप्रिय खेळाडू वॉली जॉयनर, क्रमांक 700. दुसऱ्यावर त्याच संघाचा डिवेन बाइस, क्रमांक 1. बाइस हा काही मोठा गोलंदाज नव्हे, मग पहिला क्रमांक त्याला का? कारण खेळाडूंच्या संघटनेकडून परवाना मिळवायला त्याने मदत केली होती आणि बदल्यात कंपनीत हिस्सा घेतला होता. चेंडू टाकून मिळाले नसते इतके पैसे त्याला त्या हिश्श्यातून मिळाले. 1989 चा खरा संच आला तेव्हा क्रमांक 1 वर केन ग्रिफी ज्युनिअर हा नवखा पोरगा होता आणि पुढे त्या कार्डाने इतिहास घडवला. माझ्या मते मात्र बाइसचं कार्ड अधिक प्रामाणिक आहे. धंद्याचं गुपित त्याने पहिल्याच क्रमांकावर छापून ठेवलं.

पुढची काही वर्षं ओसंडून वाहिली. 1991 चा अनाहाइमचा नॅशनल म्हणजे नुसती झुंबड. जो तो कंपनीवाला कार्डं वाटतोय आणि लोक पिशव्या भरताहेत. वाटलेलं सगळं जपून ठेवलं गेलं, म्हणून आज त्यातल्या बहुतेकांना कुणी विचारत नाही. 1994 च्या बेसबॉल संपाने उरलासुरला उत्साहही आटला.

त्यातून कंपन्या शहाण्या झाल्या. आता नमुना द्यायचा नाही, बक्षीस द्यायचं. नॅशनलमध्ये विक्रेत्याकडून नव्या मालाचा बॉक्स घ्यायचा, कंपनीच्या स्टॉलवर जाऊन पाकिटं तिथेच फोडायची, रिकामी वेष्टनं कर्मचाऱ्याच्या हवाली करायची आणि त्या मेळाव्यापुरतीच छापलेली कार्डं घ्यायची. बबलगमची वेष्टनं साठवून बक्षीस आणणाऱ्या आपल्याकडच्या पिढीला यात नवल वाटणार नाही. वेष्टन हातातून काढून घेण्यामागे हिशेब असतो: माल विकला गेला, शिवाय तोच पुरावा दुसऱ्यांदा वापरता येत नाही. पॅनिनी कंपनीने तडकलेल्या बर्फासारख्या चमचमत्या कागदावर अशी कार्डं काढली. त्यांतल्या मोजक्या प्रतींवर अनुक्रमांक असतो, आणि रांग लागते ती त्यांच्यासाठी. व्हीआयपी तिकीट घेणाऱ्याला खास कार्डांचं पाकीट आणि इतरांआधी प्रवेश मिळतो, म्हणजे ‘फुकट’ची किंमत तिकिटातच धरलेली.

काही संग्राहकांना ही वसुली वाटते. मला तितकीशी चीड येत नाही, कारण निदान सौदा उघड आहे. खटकतं ते दुसरंच. कार्डावर छापलेल्या खेळाडूचा या मेळाव्याशी काडीचा संबंध नसतो. नाव, छायाचित्र, मेळाव्याचा शिक्का, झालं. पण खरा प्रश्न पुढचा आहे. 2022 च्या जानेवारीत फॅनॅटिक्स या कंपनीने टॉप्स विकत घेतली आणि एकेका खेळाचे परवाने एकाच छताखाली जाऊ लागले. प्रतिस्पर्धीच उरला नाही, तर विक्रेत्याला आणि ग्राहकाला काही फुकट देण्याची कंपनीला गरज राहील का, हे येत्या काही उन्हाळ्यांत रोझमाँटच्या स्टॉलांवर कळेल.