बाबांसाठी पिस्तूल

सेमिस्टर संपायला दोन पेपर बाकी होते. रात्री साडेअकराला आमच्या विंगमधला सिव्हिलचा एक ज्युनियर रूमवर आला आणि दार लावून घेत म्हणाला, "दादा, तू मेकॅनिकलचा ना? रोज कमरेला ठेवता येईल असं छोटं पिस्तूल कोणतं घ्यावं, सांग."

मला वाटलं, पोरगा इंग्रजी पिक्चर बघून आला. पण तो हसत नव्हता. तो सिंदेवाहीकडचा. १० मे २०२५ ला त्या तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. आपण ते पेपरात वाचलं, याने घरी फोनवर ऐकलं. त्याची आई दर उन्हाळ्यात पानं तोडायला जाते, बाबा धानाच्या बांधीवर रात्री जागलीला असतात. "बाबांसाठी पायजे," तो म्हणाला.

मग हसणं बाजूला ठेवून आम्ही दोघं कागद-पेन घेऊन बसलो. त्या रात्रीचा हिशेब इथे देतो, कारण हा प्रश्न होस्टेलमध्ये एकट्यालाच पडतो असं मला वाटत नाही.

आधी यंत्र समजून घेऊ. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे चाप एकदा ओढला की गोळी एकच सुटते, पण रिकामं काडतूस बाहेर फेकणं आणि पुढचं नळीत चढवणं ही कामं पिस्तूल आपणच करतं. शक्ती कुठून येते? गोळीच्याच धक्क्यातून. .३२ बोअरची गोळी साधारण ४.६ ग्रॅमची, वेग सेकंदाला २७५ मीटरच्या आसपास. पिस्तुलाची वरची सरकती बाजू, म्हणजे स्लाइड, ३०० ग्रॅमची धरा. फर्स्ट इयरचं संवेग अक्षय्यतेचं गणित लावलं तर स्लाइड सेकंदाला चार मीटरच्या थोड्या वर वेगाने मागे येते. एवढी गती एक स्प्रिंग आरामात झेलते. म्हणून .३२ ची पिस्तुलं साधी, पातळ आणि छोटी करता येतात. हे काडतूस जॉन ब्राउनिंगने १८९९ च्या सुमारास काढलं, आणि खिशातल्या पिस्तुलाची कल्पना तिथूनच पसरली.

९ मिलिमीटरचं काडतूस घेतलं की गोळीचा संवेग दुपटीवर जातो. मग एक तर स्लाइड जड करा, नाही तर दाब उतरेपर्यंत नळी आणि स्लाइड क्षणभर एकमेकांत अडकवून ठेवा. दुसरी युक्तीही ब्राउनिंगचीच. आपल्या फौजेत आणि पोलिसांत वर्षानुवर्षं दिसणारं इशापूरचं ९ मिलिमीटर पिस्तूल त्याच घराण्यातलं.

"मग ९ एमएमच घेऊ ना," ज्युनियर म्हणाला. इथे कायदा आडवा येतो. ९ मिलिमीटर हा सामान्य नागरिकाला निषिद्ध बोअर आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवान्यावर मिळतं ते .३२ किंवा .२२. परदेशी पिस्तुलांची आयात सामान्य माणसासाठी १९८० च्या दशकातच बंद झाली, त्यामुळे जुनी वॉल्थर वगैरे कोणी विकायला काढली तर भाव ऐकूनच माणूस खाली बसतो. राहतो देशी माल. इशापूरचं 'अशनी' हे .३२ चं पिस्तूल, आणि कानपूरचं रिव्हॉल्व्हर. त्यातलं 'निर्भीक' २०१४ मध्ये खास बायकांसाठी म्हणून आलं. वजन अर्धा किलोच्या आसपास, किंमत तेव्हाच १ लाख २२ हजार! आपल्या भद्रावतीच्या चांदा आयुध निर्माणीत मात्र पिस्तूल मिळत नाही. तिथे तोफांचा दारूगोळा होतो, हे निर्माणीतून येणाऱ्या डे-स्कॉलर मंडळींना सांगायला नकोच. .३२ ची काडतुसं पुण्याजवळ खडकीला होतात.

आता निवडायचंच म्हटलं तर काय बघावं? सोन्याचा व्यापारी, तेंदूचा ठेकेदार अशांना परवाना मिळतो आणि ते रोज जवळ बाळगतात, तेव्हा प्रश्न काही वेडगळ नाही. पहिली गोष्ट वजन. काडतुसांसकट पाऊण किलो लोखंड बारा तास कमरेला बांधून बघा (मी वर्कशॉपमधली व्हाइस बांधून बघितली, संध्याकाळी पॅन्ट सारखी वर ओढत होतो). दुसरी गोष्ट जाडी. पिस्तूल चपटं असतं, रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर बाहेर फुगतो. पण रिव्हॉल्व्हरमध्ये एखादं काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढला की पुढचं समोर येतं. पिस्तुलात मात्र दोन्ही हातांनी स्लाइड ओढून ते काढावं लागतं, आणि घाबरलेल्या माणसाला ते जमत नाही. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: हातातून पडलं तर उडतं का? चाप ओढल्याशिवाय फायरिंग पिन पुढे जाऊच नये अशी अडवणूक आत आहे का, हे दुकानदाराला विचारायचं. चाप पूर्ण झाकणारं कडक म्यान नसेल तर बाकी सगळं व्यर्थ. आणि आपल्याकडचा ४७ अंशांचा घाम! पातळ शर्टाखाली रोज घामेजलेलं लोखंड आठवड्यात गंज धरतं, त्यात गडचिरोलीचा पावसाळा. तेल, कापड आणि सराव. काडतुसांचा कोटा परवान्यावर लिहिलेला असतो, त्यामुळे सरावाच्या गोळ्याही मोजूनच.

परवान्याचं थोडक्यात सांगतो. वय २१ पूर्ण हवं, म्हणजे आपले फर्स्ट-सेकंड इयरवाले आधीच बाद. १९५९ चा शस्त्र कायदा, २०१६ ची नियमावली, पोलिसांची चौकशी, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झाला. निवडणूक लागली की शस्त्र ठाण्यात जमा करायला सांगतात.

इथवर ज्युनियर भराभर लिहून घेत होता. मग मी त्याला वाघाचं गणित घातलं.

.३२ च्या गोळीची ऊर्जा निघते सुमारे १७५ ज्यूल. ९ मिलिमीटरची पाचशेच्या जवळपास. शिकारीच्या .३१५ रायफलीची तीन हजारांच्या घरात. नर वाघ दोनशे किलोच्या आसपास, आणि तो अंगावर येतो ताशी ५० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. अमेरिकेत १९८३ मध्ये डेनिस ट्युलर नावाच्या पोलिसाने मोजून दाखवलं होतं की सुरी घेतलेला माणूस २१ फूट अंतर दीड सेकंदात कापतो, आणि सरावलेल्या पोलिसालाही पिस्तूल काढून गोळी झाडायला साधारण तेवढाच वेळ लागतो. तेवढ्या दीड सेकंदात वाघ २० मीटर येतो. आपल्या झुडपी जंगलात २० मीटरवरचा वाघ दिसतो का? आणि दिसला, हात चालला, गोळीही लागली, तरी १७५ ज्यूलने तो जागेवर पडणार नाही. आधी नुसता आलेला वाघ आता जखमी होऊन आलेला असेल, एवढाच फरक.

शिवाय तो समोरून येतच नाही. २० नोव्हेंबर २०२१ ला ताडोबाच्या कोलारा भागात व्याघ्रगणनेच्या कामावर असलेल्या एका महिला वनरक्षकाचा जीव गेला. रस्त्यावर वाघीण बसलेली त्यांना आधीच दिसली होती. त्या थांबल्या, मग जंगलातून वळसा घेऊन निघाल्या, आणि वाघीण मागून आली. सोबत तीन माणसं होती. तेंदू तोडणारी बाई तर वाकलेलीच असते. सुंदरबनात मध गोळा करणारे १९८० च्या दशकात डोक्याच्या मागे माणसाचा मुखवटा बांधू लागले, ते यासाठीच.

कायद्याची बाजूही ऐका. वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ११ म्हणतं, स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्राणी मेला तर तो गुन्हा नाही. पण तेव्हा तुम्ही दुसरा कुठला गुन्हा करत असता कामा नये. आणि कलम ३१ म्हणतं, लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही. म्हणजे चपराळा किंवा भामरागड अभयारण्यात परवान्याचं पिस्तूल कमरेला लावून शिरलात तर गुन्हा तिथेच सुरू झाला.

"आणि गडचिरोलीकडे?" त्याची मावशी एटापल्लीला. तिकडे नक्षल्यांच्या काळात आठवडी बाजारात साध्या कपड्यातल्या पोलिसांना मारून शस्त्रं पळवली गेली आहेत. कमरेचं पिस्तूल तिथे संकट ओढवून घ्यायचं कारण होतं. गावकऱ्यांनी तर घरातल्या जुन्या भरमार बंदुकासुद्धा पोलिसांकडे नेऊन दिल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपतीने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली, तेव्हा हे चित्र बदलू लागलंय. पण म्हणून मावशीच्या घरी कोणी पिस्तूल मागवत असेल असं वाटत नाही.

मग बाबांनी काय न्यायचं? त्याचं उत्तर ज्युनियरलाच माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, फक्त त्याला ते फार साधं वाटत होतं. एकट्याने जायचं नाही. मोठ्याने बोलत जायचं. उजाडल्याशिवाय पानाला निघायचं नाही. जागलीला जमिनीवर नाही, उंच मचाणावर बसायचं. लांब काठी, चांगली बॅटरी. गावात वन खात्याच्या प्राथमिक प्रतिसाद दलाची पोरं असतील तर त्यांचा नंबर बाबांच्या मोबाईलमध्ये पहिला. फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्याच वीज केंद्राच्या आवारात एका कामगाराला वाघाने मारलं आणि लगोलग दुर्गापूरला बिबट्याने सोळा वर्षांचा मुलगा नेला. तेव्हा रात्री उशिरा ऊर्जानगरहून एकटे गाडीवर येणाऱ्या आपल्या मंडळींनाही यातलं निम्मं लागू आहे.

ज्युनियरने कागदाची घडी केली. "पण दादा, बाबा एकटेच जाते ना. सोबतीला कोण येईल रोज?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. शेवटचा पेपर झाल्यावर आम्ही गोल बाजारात गेलो. त्याने साडेआठशेची चार्जिंगची बॅटरी घेतली, लांब झोताची. आणि बाजूच्या दुकानातून बैलाच्या गळ्यातली घंटा. घंटा कशाला, विचारलं तर म्हणाला, "बाबा काठीला बांधतीन."